रूट डोमेनवर सीनेम लावलं आणि वाचनालयाची मेल बंद पडली

कुळागर

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. वाचनालय दरवर्षी चवथीनंतर एकांकिका स्पर्धा घेतं. त्याच्या प्रवेशिका, संहितेची पीडीएफ, कलाकारांची नावं, सगळं संस्थेच्या मेलवर येतं. गेल्या श्रावणात माझ्या हातून एक चूक झाली आणि काही ग्रुपच्या प्रवेशिका आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. काय झालं ते सविस्तर लिहितो. गावोगावी नाट्यमंडळांच्या, देवस्थानांच्या, क्लबांच्या साइट्स अशाच कुणीतरी हौसेने सांभाळत असतो, त्यांना उपयोग व्हावा. शेवटी माझा एक प्रश्नही आहे.

डोमेनचं खरं नाव देत नाही, 'संस्था.इन' धरा. आधी साइट एका पैसे भरून घेतलेल्या होस्टिंगवर होती. ते परवडेना म्हणून आम्ही पानं गिटहब पेजेसवर हलवली, तिथं फुकट चालतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या नावासाठी त्यांनी सांगितल्याप्रमाणे सीनेम रेकॉर्ड टाकला: हे नाव म्हणजे 'संस्था.गिटहब.आयओ'. लगेच चाललं.

नुसत्या 'संस्था.इन'साठी, म्हणजे रूट डोमेनसाठी, चार ए रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरचे आकडी पत्ते, टाकायचे होते: १८५.१९९.१०८.१५३ आणि पुढे १०९, ११०, १११ असे. मला वाटलं, आकडे कशाला? उद्या त्यांनी पत्ते बदलले तर परत आपणच धावायचं. नावाला नाव जोडलेलं बरं. म्हणून रूटवरही तोच सीनेम टाकला. डोमेनचे रेकॉर्ड भरायच्या पॅनेलने तो मुकाट्याने घेतला. साइट दोन्ही नावांनी उघडू लागली. मी समितीला फोन करून 'झालं' म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी वाळपईच्या एका दिग्दर्शकाचा फोन आला. म्हणाले, "प्रवेशिका पाठवून पाच दिवस झाले, पोच आली नाही, आणि आज ती मेल परत आलीय." मी इनबॉक्स पाहिला तर त्याच दिवशीच्या डिचोलीच्या आणि मडगावच्या मेल आलेल्या. म्हणजे मेल पूर्ण बंद नव्हती. कुणाची येत होती, कुणाची नाही, आणि त्यामुळेच आठ दिवस कुणाला संशय आला नाही.

रात्री पाऊस धो धो, वीज दोनदा गेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून डिग कमांड मारली (एखाद्या नावाचे रेकॉर्ड विचारणारी), 'संस्था.इन'चा एमएक्स, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरला द्यायची ते सांगणारा रेकॉर्ड, विचारला. उत्तरात एकच ओळ आली:

संस्था.इन. ३६०० आयएन सीनेम संस्था.गिटहब.आयओ.

त्याखाली एमएक्सची ओळ असायला हवी होती. नव्हती. पॅनेलमध्ये मात्र एमएक्स जागच्या जागी दिसत होता, मी त्याला हातही लावला नव्हता. तेव्हा उमगलं. मेल पाठवणारा सर्व्हर विचारतो, 'संस्था.इनची टपाल कुठं देऊ?' सीनेम त्याला सांगतो, 'या नावाचं काहीही विचारायचं असेल तर गिटहबवाल्या नावाला विचार.' त्या नावाला एमएक्स नाही. एमएक्स नसेल तर मेलच्या नियमाप्रमाणे त्या नावाच्या ए रेकॉर्डच्या पत्त्यावरच मेल द्यायचा प्रयत्न होतो. तिथं वेब सर्व्हर, टपाल घेणारं कुणी नाही. मग पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि चार-पाच दिवसांनी हात टेकून परत पाठवतो. वाळपईच्या दादांचे पाच दिवस ते हेच.

सीनेम काढला, चार ए रेकॉर्ड टाकले, आणि सकाळी बसून सगळ्या ग्रुपना एकेक फोन केला. तिघांच्या प्रवेशिका अडकल्या होत्या. समितीने मुदत चार दिवस वाढवली. पण एक ग्रुप तोवर दुसऱ्या स्पर्धेला नाव देऊन बसला होता. त्यांची संहिता चांगली होती असं नंतर ऐकलं. ते मला अजून लागतं.

आता प्रश्न. आमच्याकडे 'संस्था.भारत' हे देवनागरी नावही आहे. ज्येष्ठ वाचकांना इंग्रजी स्पेलिंग सांगावं लागू नये म्हणून मुद्दाम घेतलं. त्याच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर सीनेम लावून तो 'संस्था.इन'कडे वळवला, तर ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून इशारा देतो. नाव योग्य ठिकाणी जातंय हे डिगमध्ये दिसतं. मग इशारा का?

---

रातांबा

दादा, तुमचं काम मोठं आहे. माझा अगदी प्राथमिक प्रश्न. ए रेकॉर्ड आणि सीनेम यांत नेमका फरक काय? दोन्ही शेवटी त्याच सर्व्हरवर नेतात ना?

---

म्हादई

रातांबा, गोव्यातल्या माणसाला हे सांगायला लांब जायला नको. सोळाव्या शतकात आपली दैवतं हलवावी लागली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला.

आता समजा, त्या काळी कुणी विचारलं, 'देवीचे पुजारी कुठं राहतात?' एकाने उत्तर दिलं, 'वेर्ण्यात.' हा ए रेकॉर्ड. देवी हलली की उत्तर चुकलं. दुसऱ्याने सांगितलं, 'म्हाळसा आहे तिथं.' हा सीनेम. देवी वेर्ण्यात असताना ते उत्तर वेर्ण्याला नेतं आणि म्हार्दोळला गेल्यावर म्हार्दोळला. उत्तर देणाऱ्याला काही बदलावं लागत नाही. मात्र विचारणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, 'मग म्हाळसा कुठं आहे?'

ए रेकॉर्ड नावाला जागा देतो, सीनेम नावाला दुसरं नाव देतो. पुढे त्या दुसऱ्या नावाची जागा शोधायची.

---

रातांबा

मनापासून आभार. हे आता आयुष्यभर विसरणार नाही. आमचं घर म्हार्दोळच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

---

जुना_सर्व्हर

कुळागर, तुमच्या पॅनेलने रूटवर सीनेम घेतला हीच मुळात चूक. चांगलं पॅनेल तिथंच अडवतं. यामागचा नियम जुना आहे आणि समजून घेण्यासारखा आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

डीएनएसची, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये मांडली. आज आपण जी वापरतो तिचे मूळ दस्तऐवज म्हणजे नोव्हेंबर १९८७चे आरएफसी १०३४ आणि १०३५. सीनेमचा नियम १०३४मध्येच आहे: एखाद्या नावावर सीनेम असेल तर त्या नावावर दुसरी कुठलीही माहिती असू नये. कारण साधं आहे. सीनेम म्हणजे 'हे दोन्ही एकच'. एकदा एकच म्हटल्यावर एकाची मेल इकडे आणि दुसऱ्याची तिकडे असं चालणार नाही. शिवाय रिझॉल्व्हरला (आपल्या वतीने नाव शोधून उत्तर साठवून ठेवणाऱ्या सर्व्हरला) एकदा सीनेम मिळाला की त्या नावाबद्दलचा पुढचा कुठलाही प्रश्न मूळ सर्व्हरला न विचारता तो सरळ दुसऱ्या नावाकडे नेऊ शकतो. ही सोय त्या नियमामुळेच शक्य होते.

आता रूट डोमेन बघा. तिथं एसओए (डोमेनची मूळ नोंद) आणि एनएस (त्याची उत्तरं कुठले सर्व्हर देतात ते) हे दोन रेकॉर्ड असावेच लागतात, त्यांच्याशिवाय झोन, म्हणजे त्या डोमेनच्या रेकॉर्डांचा संच, उभाच राहत नाही. म्हणजे रूटवर 'दुसरी माहिती' आधीपासूनच आहे, आणि सीनेमला तिथं जागाच नाही. ही कुठल्या कंपनीची अडवणूक नाही, रचनेतूनच आलेली गोष्ट आहे.

तुमच्याकडे काही मेल येत होत्या आणि काही नाही, त्याचं उत्तरही इथंच आहे. ज्या रिझॉल्व्हरकडे तुमचा एमएक्स साठवलेला होता, तिथून मेल येत राहिली. ज्याच्याकडे कुणीतरी नुकतीच साइट उघडल्यामुळे सीनेम साठवलेला होता, तो एमएक्सच्या प्रश्नालाही सीनेमच्याच वाटेने गेला. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने तुमच्या सर्व्हरला विचारलं, आणि नियम मोडलेल्या झोनमधून तो सर्व्हर काय उत्तर देईल याला धरबंध नसतो. वाळपईची मेल गेली आणि डिचोलीची आली, यात गावाचा संबंध नाही. त्या क्षणी त्यांच्या मेल सर्व्हरला काय आठवत होतं, त्याचा आहे.

आणखी एक. उलट दिशेनेही सांभाळायला हवं. एमएक्स आणि एनएस ज्या नावाकडे बोट दाखवतात ते नाव स्वतः सीनेम असता कामा नये. जुलै १९९७च्या आरएफसी २१८१मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. बरेच मेल सर्व्हर चालवून घेतात, सगळे घेत नाहीत, आणि मग पुन्हा तुमच्यासारखाच अर्धवट गोंधळ होतो.

---

आबोली

काणकोणला आमचं छोटं होमस्टे आहे, साइट मी स्वतः केलीय. माझ्या डीएनएसच्या पॅनेलमध्ये रूटसाठी 'एलियस' असा वेगळा प्रकार आहे. तो लावला तर साइटही चालते आणि बुकिंगच्या मेलही येतात. मग हे नियमात कसं बसतं?

---

जुना_सर्व्हर

आबोलीताई, एलियस हा प्रमाणित डीएनएस रेकॉर्ड नाही. ती देणाऱ्या कंपनीची आतली सोय आहे. कुणी त्याला एलियस म्हणतं, कुणी एनेम. क्लाउडफ्लेअर २०१४पासून रूटवर सीनेम लिहू देतं आणि त्याला 'सीनेम फ्लॅटनिंग' म्हणतं. ॲमेझॉनच्या राउट ५३मध्येही एलियस आहे, पण तो प्रामुख्याने ॲमेझॉनच्याच सेवांकडे नेण्यासाठी.

सगळ्यांची युक्ती एकच. तुम्ही पॅनेलमध्ये नाव लिहिता. कुणी विचारलं की त्यांचा सर्व्हर स्वतः त्या नावाचा पत्ता शोधतो आणि बाहेर ए रेकॉर्ड म्हणून सांगतो. बाहेरच्या जगाला सीनेम दिसतच नाही, म्हणून एमएक्स शाबूत राहतो. नियम मोडलेला नाही, पडद्यामागे काम केलेलं आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पत्ता शोधणारा तुमचा पाहुणा नसतो, डीएनएस कंपनीचा सर्व्हर असतो. मोठ्या वितरण जाळ्यावर साइट असेल तर ते जाळं विचारणारा कुठून आला ते पाहून जवळचा पत्ता देतं. विचारणारा सर्व्हर लांबच्या देशात बसलेला असेल तर पाळोळ्याच्या पाहुण्यालाही लांबचा पत्ता मिळू शकतो. होमस्टेच्या साइटला यानं फार बिघडत नाही. शिवाय कंपनी बदलली तर हा एलियस बरोबर नेता येत नाही, नव्या ठिकाणी त्यांच्या पद्धतीने पुन्हा करावा लागतो.

हे प्रमाणित व्हावं म्हणून एनेमचा मसुदा निघाला होता, तो पुढे गेला नाही. त्याऐवजी नोव्हेंबर २०२३मध्ये आरएफसी ९४६० आला. त्यातल्या एचटीटीपीएस नावाच्या रेकॉर्डमध्ये प्राधान्य ० लिहिलं की तो उपनावासारखा वागतो, आणि तो रूटवर ठेवता येतो, कारण तो बाकीच्या रेकॉर्डना धक्का लावत नाही. पण अजून तरी फक्त त्याच्या भरवशावर साइट ठेवू नका, ए रेकॉर्ड असू द्याच.

---

पाट्टो_ऑफिस

कुळागर, तुमच्या इशाऱ्याचं कारण सांगतो, माझं रोजचंच काम आहे हे.

सीनेम म्हणजे रिडायरेक्ट नव्हे. ही गल्लत फार जणांची होते. सीनेमने फक्त सर्व्हरचा पत्ता सापडतो. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत 'संस्था.भारत'च राहतं, आणि ब्राउझर सर्व्हरच्या दारात जाऊन म्हणतो, 'मला संस्था.भारत हवंय, तसं प्रमाणपत्र दाखव.' तिथल्या सर्व्हरकडे त्या नावाचं प्रमाणपत्र नसतं, तो दुसऱ्याच नावाचं दाखवतो. दोन नावं जुळत नाहीत, म्हणून इशारा. डीएनएसमध्ये तुम्ही 'हे दोन्ही एकच' म्हटलंत, ते प्रमाणपत्राला ठाऊक नसतं.

म्हणून सर्व्हरला दोन्ही नावं माहीत पाहिजेत आणि दोन्हींची प्रमाणपत्रं पाहिजेत. गिटहब पेजेसवर एका साइटला एकच स्वतःचं डोमेन लावता येतं. तेव्हा 'संस्था.भारत'साठी दुसरी छोटी रिपॉझिटरी (गिटहबवर साइटच्या फाइल ठेवायची जागा) करा. तिच्यात एकच पान, जे लगेच 'संस्था.इन'वर नेईल. त्या रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये देवनागरी नाव तसंच लिहू नका, त्याचं पनीकोड रूप लिहा, एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं. डीएनएसमध्ये देवनागरी नाव त्याच रूपात साठवलेलं असतं, ब्राउझर आपल्याला ते अक्षरांत दाखवतो. मग प्रमाणपत्र आपोआप मिळतं.

आणि सीनेम 'संस्था.इन'कडे नको, थेट 'संस्था.गिटहब.आयओ'कडे करा. रिपॉझिटरीचं नाव त्यात घालायचं नाही. उपनावाचं उपनाव अशी साखळी चालते, पण प्रत्येक कडीला एक जास्तीचा प्रश्न पडतो आणि एखादी कडी तुटली की शोधायला वेळ जातो.

---

रातांबा

एक शंका. मी आमच्या मंडळाच्या सबडोमेनला सीनेम लावला तर डिगमध्ये शेवटी आमचंच डोमेन परत चिकटलेलं दिसतंय. 'मंडळ.गिटहब.आयओ.मंडळ.इन' असं काहीतरी.

---

पाट्टो_ऑफिस

शेवटचा टिंब राहिला. झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब नसेल तर ते अपुरं समजलं जातं आणि तुमचं डोमेन मागे जोडलं जातं. 'मंडळ.गिटहब.आयओ.' असं टिंबासकट लिहा. काही पॅनेल टिंब स्वतः लावतात, काही नाही. म्हणून सेव्ह केल्यावर एकदा डिग मारून बघायचंच.

---

म्हादई

यात एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहिते. आमच्या भजनी मंडळाने दोन वर्षांपूर्वी एका महोत्सवासाठी वेगळं सबडोमेन केलं होतं. साइट बनवून देणाऱ्या एका सेवेवर पानं होती आणि सबडोमेनवर तिकडचा सीनेम. महोत्सव संपला, आम्ही तिथलं खातं बंद केलं. सीनेम मात्र तसाच राहिला, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

यंदा एका आजींनी विचारलं, "बाई, तुमच्या मंडळाच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात कशी?" उघडून पाहिलं तर खरंच. नाव आमचं, वर मंडळाचंच नाव, आणि आत जुगार. कुणीतरी त्या सेवेवर रिकामं पडलेलं नाव आपल्या खात्यात घेतलं होतं. आमचा सीनेम अजूनही तिकडेच बोट दाखवत होता, त्यामुळे दार आपोआप उघडं होतं. पासवर्ड चोरावा लागला नाही, काही फोडावं लागलं नाही.

चाळीस वर्षांचं मंडळ आहे. घरोघरी जाऊन सांगावं लागलं की ते आम्ही केलेलं नाही. म्हणून कळकळीने सांगते, साइट बंद करायची तर आधी सीनेम काढा, मग खातं बंद करा. उलट नको.

---

जुना_सर्व्हर

अगदी बरोबर, क्रम तोच. गिटहब पेजेसवाल्यांनी आणखी एक करावं: खात्याच्या सेटिंगमध्ये डोमेन पडताळून घ्या. ते एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकायला सांगतात. तो असला की तुमचं डोमेन दुसऱ्या कुणाला त्याच्या साइटला लावता येत नाही.

---

आबोली

म्हादईताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच माझं पॅनेल उघडलं. जुन्या बुकिंग सेवेकडे जाणारा एक सीनेम निघाला. ती सेवा मी लॉकडाऊनमध्येच सोडली होती. काढून टाकला.

---

कुळागर

सगळ्यांचे आभार. पाट्टो_ऑफिस यांनी सांगितलं तसं काल रात्री केलं. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) ३६००वरून ३०० केला, म्हणजे चुकलं तर पाच मिनिटांत परत फिरता यावं. दुसरी रिपॉझिटरी, पनीकोड नाव, रूटवर चार ए रेकॉर्ड, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर सीनेम, शेवटी टिंब. प्रमाणपत्र यायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. 'संस्था.भारत' आता इशाऱ्याशिवाय उघडतं. नंतर दोन्ही नावांचा एमएक्स वेगवेगळ्या रिझॉल्व्हरना विचारून पाहिला, ८.८.८.८ आणि १.१.१.१ दोन्हींना. 'संस्था.इन'चा एमएक्स दोघांनीही बरोबर सांगितला. 'संस्था.भारत'ला मेल ठेवलेलीच नाही, तिथं रिकामं उत्तर, तेही अपेक्षित.

म्हादईताईंचं वाचून आमचीही झोन फाइल ओळीने तपासली. बालनाट्य शिबिराच्या नावाचा एक सीनेम निघाला, ज्याचं पलीकडचं नाव आता अस्तित्वातच नाही. तोही काढला.

आज सकाळी वाचनालयात गेलो तर सदस्य असलेले एक काका, वय ऐंशीच्या पुढे, वाचन कक्षातल्या संगणकावर बसले होते. त्यांनी देवनागरी कीबोर्ड लावून पट्टीत स्वतः 'संस्था.भारत' टाइप केलं आणि यंदाच्या स्पर्धेचे नियम मोठ्याने वाचायला लागले. टीटीएल आठवड्यानंतर परत ३६०० करतो.